आत्याची सर्दी

देवगड, शुक्रवार, २० जानेवारी १९८४

बंदराजवळच्या घरातलं महिन्याचं पोर सकाळी गेलं. माझ्या हातातच. या थंडीत सर्दीची साथ घरोघर आहे. मोठ्यांचं नुसतं नाक गळतं, तान्ह्यांची छाती भरते. त्यावर औषध माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही.

गेल्या आठवड्यातलं त्याचं बारसं डोळ्यांपुढून हलत नाही. आत्या नाक पदराला पुसत पाळण्यात वाकली, गालाला गाल लावून कानात नाव सांगितलं. सगळे हसलो.

संध्याकाळी भेटायला गेलो तर सासू सुनेला म्हणत होती, "तुज्या रगतातच खोट आसा. तुजो भावपण लहानपणी असोच गेलो." रक्ताचा काय संबंध? मी तोंड उघडणार तोच आत्या, म्हणजे सासूची लेक, रडत पुढे आली.

"डाक्टरानू, माका सर्दी होती. माज्यामुळा झाला काय?"

नाक अजून लालच होतं तिचं. माझ्याच्याने खरं सांगवेना.

"नाही गो, तुझ्यामुळे कसं होईल?"

सासू तशीच सुनेकडे वळली. "आयकलंस? डाक्टरपण ताच सांगतत."

सून रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि मी चपला शोधायला लागलो.