आई मागं बसली होती

बुधवार, संध्याकाळ

आज स्कूटी चालवताना माझा डोळा लागला. घरात कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

कॉलेज सुटल्यावर आईला मावला गावातल्या तिच्या शाळेतून घेतलं आणि घराकडे निघालो. एकदम जोरात हॉर्न वाजला. डोळे उघडले तर समोर कापसाचा ट्रक! कशीबशी गाडी कडेला घेतली. वाटेतला पेट्रोल पंप कधी मागं गेला, मला आठवतच नाही.

"काऊन वं, काय झालं?" आईनं मागून माझा खांदा धरून विचारलं.

"डोळ्यात कचरा गेला."

तिनं तिथंच उभं राहून पदरानं माझा डोळा पुसला. मला तिच्याकडे बघवेना.

महिनाभर रोज पहाटे तीनपर्यंत मोबाइल बघते. आज बंद, उद्या बंद, असं म्हणत. पण तो पेट्रोल पंप... किती वेळ डोळे मिटले होते माझे?

जेवताना आई म्हणाली, "उद्या भीमपूरले जाऊ, मावशी वाट पाहून राह्यली. तू चालवतं तं मले भेव नाही वाटत."

मी "हो" म्हटलं. तेव्हाही माझी नजर मोबाइलवरच होती.