एक सुई कमी

प्रिय ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. वर फोन भिंतीवर आपटला असता आणि मग नवा घ्यायला आईपुढे तोंड वेंगाडलं असतं. तू मला काडेपेटी म्हणतेस ते काही उगाच नाही. म्हणून हे पत्र. पत्राची एक सोय आहे, मध्येच कुणी बोलत नाही, आणि मध्येच कुणी बोललं नाही की माझं डोकं बऱ्यापैकी जागेवर राहतं.

आधी मुद्द्याचं, कारण पुढचं वाचताना तू बोक्याला उचलून छातीशी धरणार. धरू नकोस, झोपला असेल तर उठेल. तुझं पोर, बोक्या, ठीक आहे. त्याला काही झालेलं नाही आणि होणारही नव्हतं, हे आता मला पक्कं ठाऊक आहे. त्या दुपारी ठाऊक नव्हतं. त्या दुपारी मी घामाघूम होऊन तुझ्या घरात घुसलो, सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी चहा पीत बसल्या होत्या त्यांच्यादेखत झोपलेल्या बाळाच्या अंगावरची गोधडी ओढली, 'ही माझी आहे, मी परत नेतोय' असं काहीतरी ओरडलो आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो. तुला वाटलं, भाऊजींशी भांडण झालं म्हणून ह्याने दिलेली भेट परत नेली. ताई, मी तापट आहे, पण इतका हलका नाही गं. माझ्या डबीत एक सुई कमी होती.

आता आठव. निघण्याआधी मी बोक्याच्या अंगावरून, पाठीखालून, अगदी पायाच्या बोटांपर्यंत हात फिरवला होता आणि तुला दोनदा विचारलं होतं, हा रात्री रडला का म्हणून. तुला वाटलं असेल, मामाला माया सुटली. माया कसली, मी सुई शोधत होतो. त्याच्या अंगावर काही नव्हतं, गादीवर काही नव्हतं, म्हणजे सुई असलीच तर गोधडीच्या पोटात, असा हिशोब करून मी ती उचलून पळालो. खरं कारण तोंडातून निघेना. का निघेना ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. बस नीट.

मी गोधडी शिवायला घेतली तेव्हा सगळ्यांत जास्त तू हसली होतीस. कॉलेज सोडून लोकांची पोरं दाढी वाढवतात, कविता करतात, आमच्या ह्याने सुई घेतली, असं तू आत्यालासुद्धा सांगितलंस. मी तुला म्हटलं होतं की दिवसभर सायकलच्या दुकानात लोखंडाशी मारामारी करून आल्यावर हाताला काहीतरी मऊ हवं असतं. ते खोटं नव्हतं, पण ते नंतर खरं झालं. आधी होती ती कापडाच्या दुकानातली ती. आईने मला अभ्र्यांचं कापड आणायला पाठवलं होतं. दुकानातल्या त्या मुलीने ताग्याला कात्रीने जरासा काप दिला आणि दोन्ही हातांनी कापड असं टर्रकन सरळ रेषेत फाडलं की माझं काम तिथेच झालं. दोन दिवसांनी पुन्हा गेलो. काय हवं विचारल्यावर तोंडाला येईल ते म्हणालो, पाव मीटर. जास्त घेतलं असतं तर पुन्हा जायला निमित्त काय राहणार? मग पाव मीटर निळं, पाव मीटर ठिपक्यांचं, पाव मीटर असलं की जे मांजरानेसुद्धा अंथरलं नसतं. तू तिचं नावच 'पाव मीटर' पाडलंस. एके दिवशी आईने खण उघडला आणि विचारलं, दुकान काढायचंय का? मला आला राग. रागात म्हटलं, गोधडी शिवतोय. एकदा बोलून बसलो, मग शिवणं आलंच.

आणि ताई, गंमत अशी की ते काम मला आवडलं. म्हणजे आधी मुळीच नाही. चौकोन कापले तर एकही चौकोन चौकोनी नाही. चार तुकड्यांचे कोपरे मधोमध एकमेकांना भेटायला हवेत, माझे कोपरे नातेवाइकांसारखे, शेजारी बसतील पण बोलणार नाहीत. ओळ संपायला दोन बोटं उरली की नेमका दोरा संपायचा. रागाने दोरा ओढला की कापडाला चुण्या पडायच्या, चुण्या काढायला उसवायचं आणि उसवताना आणखी राग यायचा. एकदा तर सगळा पसारा खिडकीतून फेकला आणि मग खाली जाऊन एकेक तुकडा झाडावरून काढून आणला. पण हळूहळू हाताला वळण लागलं. घरी आल्यावर आधी साबणाने नखांतलं वंगण काढायचं, नाहीतर पांढऱ्या कापडावर माझी बोटं उमटतात. शिवणीवर गरम इस्त्री फिरवली की उंचसखल तुकडे एकदम गप्प बसतात, ते बघायला मला फार आवडतं. धावदोऱ्याची एक ओळ सरळ गेली की तासभर कुणाचाच राग येत नाही. मला, ताई! बोक्याची गोधडी झाली तेव्हा तर मी ती उलटीसुलटी करून इतकी बघितली की आई म्हणाली, आता तिला दृष्ट लावशील.

पूर्ण झाली म्हणजे जवळजवळ. शेवटचा कोपरा मी मुद्दाम अर्धा ठेवला, सुई त्यातच टोचून ठेवली आणि गोधडी दुकानात तिला दाखवायला नेली. कोपरा कसा बंद करू, असं विचारायचं होतं. मला येत होतं, तरी. तिने गोधडी कापड मोजायच्या फळीवर पसरली, हाताने चाचपली आणि म्हणाली, अहो, हे सगळं माझ्याकडच्या पाव पाव मीटरचं आहे होय! मग तिने स्वतःच सुई घेतली आणि कोपरा शिवून टाकला. मी तिची बोटं बघत होतो, कपाळावर आलेली बट बघत होतो, सुई सोडून सगळं बघत होतो. तेवढ्यात एकजण हेल्मेट काखेत मारून आत आला, विचारलं-सवरलं नाही, तिची पाण्याची बाटली उचलली आणि प्यायला. आणि ती हसली. झालं. मी गोधडीची गुंडाळी केली आणि निघालो. मागून ती काहीतरी म्हणाली, पण मी वळलोच नाही. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही अशी शपथ घेतली आणि पेटलेल्या डोक्यानेच तुझ्याकडे आलो.

पुढचं तुला माहीत आहे. गोधडी बघून तुझे डोळे भरले, भाऊजी मात्र म्हणाले, काय रे, सुया मोजून काढल्यास ना, नाहीतर माझ्या लेकाच्या पाठीत निघायच्या. त्यांची साधी थट्टा होती. इतर दिवशी मी हसलो असतो. त्या दिवशी मी ताडकन म्हणालो, माझ्या हातून सुई राहत नाही, आणि चहा न घेता गेलो. आता तूच सांग, दोन दिवसांनी नवीन काम काढायला डबी उघडतो तर एक सुई नाही, तेव्हा कुठल्या तोंडाने सांगायचं? तुला फोन लावला, लागोपाठ लावला. पोर झोपलं की तू फोनचा आवाज बंद करतेस. मग सायकल काढली. वाटेत कितीजणांना धडकता धडकता राहिलो देव जाणे. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, तो झोपेत कुशीवर वळतोय.

घरी येऊन गोधडी चटईवर पसरली. खाली सांडलेले बेअरिंगचे छर्रे गोळा करायला आमच्या सायकलच्या दुकानात एक मोठं लोहचुंबक आहे, ते मालकांकडून मागून आणलं आणि ओळीओळीने फिरवलं. मध्येच टक् असा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. बघतो तर आईचा केसाचा आकडा, चटईखालचा. सुई नाही. मग कातर घेतली आणि उसवायला बसलो. स्वतःच्या हाताने घातलेला टाका न् टाका तोडायचा म्हणजे काय असतं ते तुला कसं सांगू. मी कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात, तुला माहीत आहे. त्याला म्हणावं जेवून घे, त्याला म्हणावं दिवा बंद कर. ते आले, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्यासमोर खाली बसले. एकेक तुकडा चिमटीत धरून चाचपायला लागले. बऱ्याच वेळाने थेट माझ्याकडे बघून म्हणाले, हा कोपरा झाला माझा, तू ती बाजू घे. मी मान खाली घालून ती बाजू घेतली. रडलो वगैरे नाही, डोळ्यांत कापूस गेला होता.

सगळी उसवून झाली. आतला कापूस पिंजून झाला. सुई नाही. तुझ्या घरात नीट शोधलं नव्हतं, आणि तिथे शोधायला यायचं तर सगळं सांगायला हवं होतं. मी यायला निघालोही होतो. मग आठवलं की शेवटची ती कुणाच्या हातात बघितली होती. हाती सुई असली की काम झाल्यावर आपण कापडातच टोचतो, तिनेही तेच केलं असणार असं मी धरून चाललो होतो. तरी विचारायला तर हवं. शपथ गेली खड्ड्यात. दुकानात शिरलो, गर्दी होती, तिने मान वर केली आणि लांबूनच म्हणाली, अहो, होतात कुठे तुम्ही? तुमची सुई मनगटावर घेऊन फिरतेय मी! तिच्या मनगटावर ती टाचण्यांची छोटी उशी असते ना, त्यात होती. नेढ्यात माझा पिवळा दोरा अजून तसाच. त्या दिवशी द्यायला दारापर्यंत धावले तर तुम्ही वळूनही बघितलं नाही, म्हणाली. आणि त्याच दमात पुढे, ओळखही करून द्यायची राहिली, ते हेल्मेटवाले, आमचं लग्न ठरलंय.

ताई, ज्या वाक्याची मला इतके महिने धास्ती होती ते वाक्य आलं आणि कानावरून निघून गेलं. मला पहिलंच ऐकू येत होतं. सुई तिच्याकडे आहे. म्हणजे बोक्याच्या पाठीखाली नाही, गादीत नाही, पाळण्यात नाही, कधीच नव्हती. मी तिथल्या ताग्यांवर बसलो आणि हसायला लागलो, थांबताच येईना. तिने घाबरून मला पाणी दिलं, त्याच बाटलीतलं, आणि मी ते घटाघट प्यायलो. मग अभिनंदन केलं. मनापासून केलं, मलाच आश्चर्य वाटलं. उसवताना अस्तर फाटलं होतं, ते घ्यायचं होतं. तिने सवयीने विचारलं, पाव मीटर ना? मी म्हटलं, नको, लागेल तेवढं सगळं एकदम द्या. तिने टर्रकन फाडून दिलं. दुखलं का, असं तू विचारशील. दुखलं, पण नंतर, घरी आल्यावर, शेवटचा कोपरा शिवताना. तो ह्या वेळी मीच शिवला. जरा वाकडा आहे.

गोधडी ह्याच पिशवीत आहे, नव्याने शिवलेली आणि धुतलेली. तिच्यावर ते लोहचुंबक ठेवलंय. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तू स्वतः फिरव, भाऊजींनाही फिरवू दे. त्यांना सांग की त्यांचं बरोबर होतं. हे मी तोंडाने जन्मात म्हणणार नाही, म्हणून लिहून देतोय. चुंबक मालकांचं आहे, परत हवं. सुई पाठवत नाही, ती डबीत आहे. आणि आता हे सगळं लिहिलं कशासाठी ते. दाराच्या कडीला पिशवी अडकवून, बेल दाबून पळाला तो मीच. मी खालीच आहे, समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, सायकल टेकवून. वर आलो असतो तर कुणीतरी एक शब्द बोललं असतं, मी दहा बोललो असतो आणि बोक्याला बघायचं राहून गेलं असतं. मला त्याला बघायचंय, ताई. नुसतं झोपलेलं बघेन, हात लावणार नाही. राग गेला असेल तर गोधडी गॅलरीच्या कठड्यावर टाक, तिचा पिवळा काठ इथून दिसतो. नसेल गेला तर राहू दे, मी उद्या पुन्हा येऊन बसेन. ह्या पायरीवरून मला अजून कुणी उठवलेलं नाही.

मान वर करून बसलेला,
तुझाच
काडेपेटी (सध्या दमट)