आडातले देठवाले

नाशिक,
ता. ८ जानेवारी १९७९

ती. आईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

लाडू मैत्रिणींनी दोन दिवसांत फस्त केले. आपल्या वस्तीच्या आडाचं पाणी मी बाटलीतून आणलं होतं ना, त्यात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक देठ असलेले जीवाणू दिसले. ते कुठल्या गटातले हे ठरवायचं तर आधी काचेच्या बशीत वाढवायला हवेत. तिथे मात्र दुसरेच माजतात, देठवाला एकही उगवत नाही. माझे मार्गदर्शक सर चारचौघांत म्हणाले की तुमच्या वस्तीचं पाणीच घाण, देठ म्हणजे कचरा. फेब्रुवारीअखेर विषय बदल, नाहीतर एम.एस्सी.च्या प्रबंधावर सही मिळणार नाही. मी बदलणार नाही. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी हट्टी,
शैला

लासलगाव,
ता. १५ जानेवारी १९७९

चि. शैलास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र बाबांनीच आधी फोडलं. तुझ्या सरांवर लय चिडले, चहा तसाच ठेवला. हे पत्र मी प्रौढ वर्गात शिकलेल्या माझ्या अक्षरात लिहितेय, हसू नकोस.

त्या जीवांना तू मांसाचा अर्क घालतेस असं मागे म्हणाली होतीस. अगं, आडात कुठली पंगत उठते? बहात्तरच्या दुष्काळात उपाशी माणसाला एकदम पोटभर भाकरी दिली की तो आजारी पडायचा. तुझी लंकाबाई आत्या आधी नुसती पातळ पेज पाजायची. तसं करून बघ. आणि विषय सोडून घरी आलीस तर दार उघडणार नाही. माया आहे तेवढीच राहील, दार मात्र बंद.

तुझी आई,
शकुबाई

नाशिक,
ता. २४ फेब्रुवारी १९७९

ती. आईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं ऐकून खाणं वीस पट पातळ केलं. पाचव्या दिवशीही बशा कोऱ्याच. सरांनी त्या धुवायला शिपाई कोंडाजींना पाठवलं, तर मी बशांच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिले. सतराव्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आले. एकेक तपासला, सगळे देठवाले! सर दहा मिनिटं भिंगावरून डोळा काढेनात. सही झाली. प्रबंधात पाण्याचं ठिकाण नुसतं ‘ग्रामीण विहीर’ लिही म्हणाले, मी वस्तीचं नाव पूर्ण लिहिलं. आता त्यांना स्वतः येऊन आणखी पाणी न्यायचं आहे. रविवारी आणू का?

तुझ्या पेजेवर वाढलेली,
शैला

लासलगाव,
ता. २८ फेब्रुवारी १९७९

चि. शैलास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

जरूर आण. बाबांनी तांब्या चिंचेने घासून ठेवला आहे. पाणी मीच शेंदीन. सरांना अंगणात बसवून आधी तांब्याभर प्यायला देणार आहे. तो रिकामा झाला की मगच बाटल्या भरायच्या.

तुझी आई,
शकुबाई