‘जुने’ नावाचं फोल्डर

४ फेब्रुवारी
देवाच्या कृपेने आज माझ्या स्वतःच्या घरात दिवा लावला. दोनच खोल्या आहेत, तिसरा मजला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडच्या इमारतीची भिंत दिसते. पण किल्ली माझी! लग्न झाल्यापासून दिरांच्या घरात राहिले, हे गेल्यावरही तिथेच. कुठला डबा कधी उघडायचा तेही जाऊबाईंच्या कपाळावरची आठी बघून ठरायचं. आज सगळे डबे मला हवे तसे लावले आणि मग उगाच एकदा बदलून पुन्हा लावले.
घर मुलाने भाड्याने घेऊन दिलं. तो जहाजावर इंजिनात असतो. तुझं तू सुखाने राहा, सुट्टीला मी इथेच येईन, असं म्हणून सामान लावून गेला. हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. वाया कशाला घालवायची, म्हणून त्यांतच हे लिहिते आहे.

७ फेब्रुवारी
मुलाने जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर मांडून दिला. त्यात लिनक्स घातलंय. फुकट मिळतं आणि तरी चोरीचं नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्यावर एक खेळ आहे. एक गाव असतं, तिथे घर बांधायचं, बाग लावायची. मुलगा त्याच्या लॅपटॉपवरून येतो, मी इथून. तो पिवळा रेनकोट घातलेला बाहुला होतो, मी निळ्या साडीतली बाई.
हा खेळ मुळात विंडोजसाठी केलेला. इथे तो कसा चालतो, ते मुलाने छान सांगितलं. मध्ये एक दुभाषा असतो. तो एका फोल्डरात खोटं घर मांडून ठेवतो, आणि खेळाला वाटतं की आपण आपल्याच घरी आहोत. मी म्हटलं, बिचारा! मुलगा हसला.

१६ फेब्रुवारी
दुपार फार मोठी असते इथे. पोथी होते, जप होतो, निवडून ठेवलेली डाळ पुन्हा निवडून होते, तरी ऊन भिंतीवरून हलत नाही. समोरच्या दाराला कुलूप असतं. जिन्यात कोणी भेटलं तर हसतात आणि उतरून जातात.
जहाज बंदराला लागलं की मुलगा खेळात येतो. बाग बघतो, बरी आहे म्हणतो, चल ठेवतो म्हणतो. लहानपणापासून तो मितभाषीच. वडिलांवर गेलाय.

२१ फेब्रुवारी
खेळ सुरूच होईना. काल काहीतरी अपडेट झालं, तेव्हापासून पडदा काळा होतो आणि बंद पडतो. गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो दुकानदार आला. म्हणाला, काकू, आमच्याकडे शाळेतली पोरं येतात या दुखण्यासाठी, तुमच्या वयाचं गिऱ्हाईक पहिलंच! मी म्हटलं, मॅट्रिक आहे मी, पोरांत धरायला हरकत नाही.
खेळ एका काळ्या खिडकीतून सुरू करायचा, म्हणजे तो कुठे अडतो ते ओळीने दिसतं, हे त्याने शिकवलं. पोथीसारखं बोट ठेवून वाचलं. निदान असं निघालं की खेळ नवा झाला, पण त्याचं खोटं घर जुनंच राहिलं. ते घर पुसून टाका, खेळ स्वतःच नवं मांडून घेईल, असं सांगून गेला. एका यंत्रात एकाच खेळाची दोन घरं मात्र ठेवू नका, म्हणाला.

२२ फेब्रुवारी
पुसवेना. आम्हा मायलेकरांनी लावलेली बाग त्यात. आमच्यात धड वस्तू टाकून देत नाहीत, कधी कामाला येईल सांगता येत नाही. त्या फोल्डराला ‘जुने’ नाव दिलं आणि माळ्यावर ठेवावं तसं बाजूला ठेवलं. मग खेळाने नवं घर मांडून घेतलं आणि चालू झाला. वाटलं होतं, नुसतं माळरान दिसेल. पण आमचं घर, बाग, सगळं जिथल्या तिथे.
आणि दारात पिवळा रेनकोट.

१ मार्च
आता रोज येतो! चहाची वेळ झाली की हजर. जेवलीस का विचारतो, गुडघा कसा आहे विचारतो. काल विचारलं, आई, एकटं वाटतं का गं? पदर डोळ्यांना लावून बसले.
पाण्यावर राहून माणूस मऊ होतो म्हणायचं. देवा, तुझे उपकार.

९ मार्च
तो खेळात विचारत असतो, मी सांगत असते. कुठला मजला, बेल बिघडली आहे, दार वाजवावं लागतं, दुपारी मी एकटीच असते. हे सगळं त्याला ठाऊकच आहे. तरी विचारतो. माझं बोलणं ऐकायला आवडत असेल.
मधूनच बोलायचा थांबतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. खेळातला दोष असेल.

१४ मार्च
मुलाचा फोन आला. खूप दिवसांनी जमीन दिसली म्हणाला, इतके दिवस जहाजावर नेट नव्हतं, खेळ उघडलासुद्धा नाही.
मी म्हटलं, अरे, कालच तर बोललास. गुडघ्याला तेल लाव म्हणालास.
तो म्हणाला, मी? मग म्हणाला, दुसरं कोणीतरी असेल, त्याला काही सांगत बसू नकोस. सुट्टी मंजूर झाली आहे, वीस तारखेला दुपारच्या गाडीने येतोच. बरं, ठेवतो.

१५ मार्च
दुकानदाराला बोलावलं. कोण परका खेळात येतो ते बघ म्हटलं. त्याने टेबल ओढलं आणि हसायला लागला. काकू, नेटच्या वायरीचे उंदराने कुरतडून दोन तुकडे केलेत, त्यांवर कोळ्याची जाळीसुद्धा धरली आहे! बाहेरून कोण येणार, वाराही यायचा नाही.
खेळच बोलत असेल तुमच्याशी, हल्ली बोलतात, म्हणाला. मग काळ्या खिडकीतल्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. खेळ नव्या घरातून चालतच नव्हता. प्रत्येक ओळ ‘जुने’मधून येत होती. आणि ते फोल्डर फुगून डिस्क भरत आली होती. पुसा ते, एवढंच म्हणाला. चहाला थांबला नाही.

१६ मार्च
पुसायला बसले. खरंच पुसायचं का, असं यंत्राने विचारलं. तेवढ्यात खेळ आपोआप उघडला. तो दारात उभा. आई, मला टाकतेस?
‘नाही’ दाबलं. पाप वाटलं.
त्याला समजावलं, बाळा, माझा मुलगा घरी येतोय, थोडे दिवस तू येऊ नकोस. त्याने शहाण्यासारखी मान डोलावली. मग विचारलं, कुठल्या दिवशी, किती वाजता येतो?
इतक्या आपुलकीने विचारलं. मी— सांगितलं.

१९ मार्च
कॉम्प्युटर बंद करून त्यावर चादर घातली. देवाजवळ बसते, जप करते, मध्येच माळ विसरते. कोणाला सांगू? दिरांना कळलं तर जाऊबाई म्हणतील, एकटी राहायचं वेड होतं ना, भोग आता.
चादर जरा फुगल्यासारखी दिसते.

२० मार्च
आज येणार. सांगितल्या वेळी दार वाजलं. धावत गेले.
बॅग नाही. बाहेर कडक ऊन आणि अंगात रेनकोट, पिवळा. चेहरा मुलाचाच, पण— खेळात असतो तसा, गुळगुळीत. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आई, आत येऊ का, म्हणाला.
मी ये म्हटलं. तोंडातून गेलं. आईच्या तोंडातून जातंच.

तोच दिवस
बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मी स्वयंपाकघरात. चहा टाकलाय.
फोन वाजला. मुलगा. माझा. गाडीला उशीर झाला, आता उतरलो, रिक्षा करतो म्हणाला. तिकडे स्टेशनचा गोंगाट, माणसं, भोंगे—
इकडे भिंतीपासचा तो म्हणाला, येऊ दे ना त्याला, आई. दोघं कशाला? एकच पुरे.

आयुष्यात पहिल्यांदा देवासमोर खोटं बोलले. फोनवर मुलाला म्हटलं, घराला कुलूप आहे, मी तुझ्या काकांकडे आले आहे, तू परस्पर तिकडेच ये. इकडे फिरकू नकोस, शपथ आहे. तो चिडला. मग आवाज उतरला. आई, तू बरी आहेस ना, म्हणाला. कधी विचारत नाही तो. आज विचारलं.
बरी आहे म्हटलं. ठेवते.

त्याच्या पाठीमागून जाऊन जिन्याकडच्या दाराला मीच आतून कुलूप लावलं. किल्ली खिडकीतून खाली टाकली. तो आता बाहेर जायचा नाही, माझ्या मुलापर्यंत जायचा नाही.
चहा उतू गेला. तो हलला. भिंतीवरून तोंड फिरवतोय, हळू— हे तर माझ्या मुलाचं तोंड नाही, आता हे माझं—