अर्धे पाते आणि फाटकाची वाट

मी, खाली सही करणारा, आसपासच्या बागा आणि मैदाने राखणाऱ्या लोकांत 'गवतवाले दादा' म्हणून ओळखला जाणारा, डोके ठिकाणावर असताना आणि कुणी मानगुटीवर बसलेले नसताना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा पुरावा कुणी मागितलाच तर सांगा, की त्याच सकाळी म्हाताऱ्याने ट्रॅक्टरची तिन्ही पाती उतरवून, धार लावून, तोलून परत बसवली होती. भ्रमिष्टाला पाते तोलता येत नाही. यापूर्वी मी रागाच्या भरात जे काही लिहिले असेल ते रद्द समजावे. हे शांतपणे लिहितो आहे, म्हणून जास्त लागेल.

कलम पहिले. राहते घर, बँकेतली शिल्लक, शेड आणि शेडपुढचे अंगण माझ्या एकुलत्या मुलीला. पुढे ज्याला जे दिले आहे त्यातले काही कायद्याने रद्द झाले, तर तेही तिलाच. पोरी, तू मऊ आहेस, आईवर गेलीस. कुणी दारात येऊन डोळे पुसायला लागला की विरघळू नकोस. आधी हा कागद पुन्हा एकदा वाच.

कलम दुसरे. जावईबापूंना माझी ॲल्युमिनियमची शिडी. ती आजही त्यांच्याकडेच आहे. 'उद्या आणून देतो' म्हणून नेली होती. आता आणून देण्याची तसदी घेऊ नये.

कलम तिसरे. मोठ्या मैदानाचे सेक्रेटरी, ज्यांनी माझ्या पायाचे टाके सुटायच्या आत कापणीचे काम माझ्या धाकट्या भावाला दिले आणि मला रस्त्यात बघितले की फोन कानाला लावला, त्यांना शेडच्या कोपऱ्यातली मोडक्या पात्यांची बादली. बादलीसकट.

कलम चौथे. धार लावायचा ग्राइंडर शेजारच्या शिवणवाल्या काकूंना. त्यांच्या कात्र्या मी कायम लावून दिल्या, आता त्यांच्या त्यांनी लावाव्यात. काकू या कागदावर साक्षीदार व्हायला तयार होत्या. पण वकीलबाईंनी बजावले, की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला, किंवा त्याच्या नवऱ्याला अगर बायकोला, या कागदातून काही मिळत नाही. दिलेले रद्द होते. "मग साक्ष राहू दे, मला ग्राइंडर हवाय," असे काकू म्हणाल्या. बाई व्यवहारी आहे.

कलम पाचवे. बागेचा ट्रॅक्टर आणि त्याच्या पोटाखालचा कापणीचा डेक, म्हणजे ज्यात पाती फिरतात तो पत्र्याचा सांगाडा, तोही मुलीला. हा डेक मूळचा दोन पात्यांचा. मी तो मधोमध कापून, पत्रा जोडून, तिसरे पाते, जादा पुली आणि कडेला टेकणचाके बसवून रुंद केला. त्याने कापलेल्या गवतावर एक रेघ उरत नसे.

आता नीट ऐक. डेकखाली हात घालण्याआधी प्लगची वायर काढायची, कितीही घाई असो. ओले गवत डेकच्या पोटाला चिकटते, ते त्याच दिवशी खरवडायचे, नाहीतर पत्रा गंजतो. डेकची पुढची कड मागच्यापेक्षा किंचित खाली हवी. पाते बसवताना त्याचे वळलेले पंख वर, पत्र्याकडे. धार लावली की पाते मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवायचे. जी बाजू खाली जाईल ती घासायची, आडवे स्थिर राहीपर्यंत. त्या खिळ्यावर कुणी कॅलेंडर टांगले तर मी येऊन उभा राहीन.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: वाकलेले पाते तापवून, ठोकून सरळ करायचे नाही. कधीच नाही. ते दिसायला सरळ होते, पण पोलाद तिथे मरते. वाकले की फेकायचे. आमच्या वडिलांनी आम्हा दोघा भावांना या धंद्यातली पहिली गोष्ट शिकवली ती हीच.

धाकट्याने तेच केले. मी पाहुण्यांकडे गेलो असताना न विचारता ट्रॅक्टर नेला, मैदानाच्या कडेच्या लोखंडी खुंट्यावर घातला, पाते वाकवले. सांगायची हिंमत नाही आणि नवे आणायची दानत नाही, म्हणून गॅसवर लाल करून ठोकले आणि गुपचूप परत बसवले. दुसऱ्या दिवशी मी सीटवर बसलो. पाते मधेच तुटले, डेकचा पत्रा फाडून माझ्या पोटरीत घुसले. पत्रा पात्याने फाटला होता. धाकटा गावभर सांगत सुटला, की दादाच्या जोडकामाचा पत्रा फाटला म्हणून पाते तुटले. "नसते उद्योग करायला कुणी सांगितलं होतं," असे वर हळहळूनही दाखवले.

लोकांनी फाटका पत्रा बघितला आणि माना हलवल्या. काम गेले, पाय गेला, तेही मी गिळले असते. पण माझी बायको शेवटपर्यंत हेच धरून बसली. पायाला तेल चोळताना म्हणायची, "तुमच्याच कारागिरीनं तुमचा घात केला हो." तिला माझी कीव यायची. मी शपथा घेतल्या, पाते फिरवणाऱ्या स्पिंडलला उरलेला पात्याचा अर्धा तुकडा दाखवला, त्यावरचा तापवल्याचा निळा डाग आणि हातोडीचे घाव दाखवले. ती नुसती हसायची. ती तशीच गेली. हे मी धाकट्याला माफ करणार नाही, या जन्मी नाही आणि पुढच्याही नाही.

कलम सहावे. धाकट्याचे वर्कशॉप माझ्या शेडच्या मागे आहे आणि त्याची यंत्रे बाहेर काढायला माझ्या अंगणातून फाटकापर्यंतची पट्टी सोडून दुसरी वाट नाही. वडिलांच्या शब्दाखातर ती मी आजवर बंद केली नाही. ती पट्टी, फाटकासकट, मी माझ्या धाकट्या भावाला देतो.

येथपर्यंत वकीलबाईंनी टाइप केले. पुढचे मी हाताने लिहितो आहे.

गेल्या वर्षी धाकट्याची बायको माझ्याकडे येऊन रडली. पाते ठोकताना तिने पाहिले होते. तेव्हा ती नवी नवरी होती; तोंड उघडलेस तर माहेरी धाडीन, असा दम त्याने दिला होता. "भावजी, वहिनी होत्या तोवर मी बोलायला हवं होतं," म्हणाली. तेव्हा मी ठरवले, की सहीच्या दिवशी धाकट्याला एक संधी द्यायची. खरे बोलला तर दुसरा साक्षीदार दूधवाला. नाहीतर ती. तिच्या सहीचा अर्थ काय होतो ते वकीलबाईंनी तिला नीट समजावले आहे. "मला काही नको," ती म्हणाली, "मला फक्त त्यांचं तोंड बघायचंय."

आज धाकटा आणि ती, दोघे आले. धाकट्याला फक्त सहावे कलम वाचून दाखवले. बाकीच्यात त्याला रसही नव्हता. चेहरा असा खुलला की विचारू नका. मग मी तो अर्धा तुकडा टेबलावर ठेवला.

"हे कुणी ठोकलं? एकदाच सांग."

"दादा, किती वर्षं तेच उगाळणार?"

"एकदाच सांग. पट्टी तुला दिलीच आहे."

"तुझ्याच जोडणीनं तुटलं रे. वहिनी काय खोटं बोलायची?"

मेलेल्या वहिनीला त्याने साक्षीला उभे केले. मग मीही त्याच्या बायकोला साक्षीला उभे केले. ती दाराशी उभी होती. पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, "भावजी, पेन द्या." वकीलबाई खाकरल्या, मी म्हटले, "तुम्ही सांगितलेलं मला पाठ आहे." धाकटा हसून बायकोला म्हणाला, "कर गं सही, लवकर उरकू दे," आणि पलीकडच्या खोलीत जाऊन त्याने टीव्ही लावला. हे लिहितानाही त्याचा आवाज ऐकू येतो आहे.

पोरी, हा कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, पहिल्या शब्दापासून. घाई करायची नाही. अर्धे पाते टेबलावर असू दे. वाचून झाले की त्याच संध्याकाळी फाटकाला कुलूप घाल. त्याने गावभर खरे सांगितले, तर उघडायचे की नाही ते तू ठरव. मी असतो तर उघडले नसते. तुझ्या काकूला, धाकट्याच्या बायकोला, मात्र घरात घे, ती मागेल तितके दिवस.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: हंगामातल्या पहिल्या कापणीचा शुक्रवार

सही: थोरला, गवतवाला

आम्ही दोघांनी एकमेकांसमोर आणि त्यांच्यासमोर सह्या केल्या आहेत.

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषधवाला. (माझा या कुटुंबाशी फक्त मलमापुरता संबंध.)

साक्षीदार दुसरी: धाकट्याची बायको. वरील सर्व मी वाचले आहे. पाते ठोकताना मी तिथे होते. ही सही मी राजीखुशीने, माझ्या नवऱ्याच्या सांगण्यावरून केली आहे.