कोरडा दोरा

दादा, माझा राग आधी त्या बायकांवर आहे आणि मग तुमच्यावर. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी तुमच्या लेकीचा तुमच्यावरचा राग काही उतरलेला नाही. हेच आईला लिहिलं असतं तर तिने "जाऊ दे गं, कशाला डोक्याला ताप" म्हणून विषय मिटवला असता. तुम्ही विषय मिटवत नव्हता. तुम्ही गप्प बसायचात, आणि त्या गप्प बसण्याचाच मला आज जाब विचारायचा आहे.

रिटायर झाल्यावर मी दादरला एका गोधडीच्या मंडळात जाऊ लागले. हो, गोधडीच. आई गॅलरीत बसून शिवायची तीच. आता तिच्यासाठी बायका हिंदमाताहून कोरं कापड विकत आणतात, त्याचे कात्रीने तुकडे करतात आणि ते परत एकमेकांना जोडतात. तुम्ही हसला असतात. पहिल्या दिवशी मलाही हसू आलं, पण हातात सुई आली आणि मी रमले. दर शनिवारी दुपारी आम्ही बाराजणी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतो. दिवाळीनंतर मीच टूम काढली की चौकोनांची अदलाबदल करू या. प्रत्येकीने एकाच नमुन्याचे बारा चौकोन शिवायचे, एक स्वतःला ठेवायचा आणि अकरा वाटायचे. म्हणजे प्रत्येकीकडे बाराजणींच्या हातचे बारा चौकोन जमतील आणि त्यांची एक गोधडी होईल. नियमही मीच लिहिले: चौकोन बारा इंची, कापड सुती आणि शिवण्याआधी एकदा धुतलेलं, म्हणजे नंतर रंग जायला नको. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले. किती खूश होते मी! तुमच्या पोरीला बाराजणींनी पुढारी केलं होतं.

वाटपाचा शनिवार नेमका सहा डिसेंबरला येत होता. मी ग्रुपवर लिहिलं की त्या दिवशी मला जमणार नाही, आमचं चैत्यभूमीवर पाणीवाटप असतं, तर आठवडाभर पुढे ढकलू. तोवर माझ्या आडनावावरून कोणाला नीट अंदाज येत नव्हता. तो आला. पुढच्याच बैठकीत सुई ओवताना मी दोऱ्याचं टोक ओठांत धरलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून कोरडं टोक मला नेढ्यात जातच नाही. शेजारी गिरगावच्या बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या हसत म्हणाल्या, "अहो, थुंकी नका हो लावू, प्लीज. ही गोधडी माझ्या नातवाच्या अंगावर जायचीये." हे बोलताना त्यांच्या स्वतःच्या दातांत दोरा होता. तो त्यांनी कटकन तोडला आणि मगच वाक्य पुरं केलं. संध्याकाळी ग्रुपवर नवा नियम आला: स्वच्छतेच्या दृष्टीने दोरा तोंडाने ओला करू नये. तीन वर्षं बाराच्या बारा तोंडं दोऱ्याला लागत होती, तेव्हा ही स्वच्छता कुठे गेली होती? तरी मी अंगठा दिला. माझे चौकोन तर तेव्हा शिवूनही झाले होते.

मी आठ वर्षांची आहे. तुम्ही पहिल्या पाळीवरून परळच्या खोलीवर आला आहात, भुवयांवर अजून कापूस आहे. चहा पिऊन तुम्ही आईच्या सुया ओवायला बसता. गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात दिवसभर तुटलेले धागे सांधून तुमची बोटं इतकी तयार झाली आहेत, की टोक चिमटीत एकदा वळलं की नेढ्यातून पार. दहा सुया ओवून तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवता, म्हणजे आईला शिवताना थांबायला नको. मलाही एक ओवायची असते. मी शेजारच्या काकूंचं बघून टोक तोंडात घालते आणि माझ्या हातावर तुमचा फटका बसतो. सुई कुठच्या कुठे उडते. "तोंड नाय लावायचं दोऱ्याला! परत दिसलं तर बघ." आई म्हणते, "अहो, पोर हाय ती." तुम्ही खाली वाकून उडालेली सुई शोधता. तुम्ही मला त्याआधी कधी मारलं नव्हतं आणि नंतरही नाही.

का मारलं, ते मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुमच्या खात्यातले जुने दोस्त भेटायला आले होते, त्यांनी सांगितलं. कापड विणायच्या खात्यात मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. एकाचं तोंड लागलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून आपल्या माणसांना त्या खात्यात घ्यायचे नाहीत. तुम्हाला साचा, म्हणजे तो माग, चालवता येत होता म्हणे. जेवणाच्या सुट्टीत एका दोस्ताच्या साच्यावर चोरून शिकला होतात. एकदा खात्याच्या मुकादमाने, जॉबरने, बघितलं आणि तो धोटा तुमच्याच हाताने, सगळ्यांसमोर, राखेने घासून धुवायला लावला. हे ऐकून आई त्या दोस्तांकडे बघतच राहिली. तुम्ही तिलाही सांगितलं नव्हतं.

दादा, माझा तुमच्यावर राग आहे तो हाच. त्या जॉबरचा नियम तुम्ही गिरणीच्या दारात का नाही टाकून आलात? आपल्याच घरात, आईच्याच लुगड्यांची गोधडी, ती पांघरणार आपण घरातलेच. तिथे कोणाच्या तोंडाने कोणाचं काय बिघडणार होतं? तुम्हाला वाटलं असेल, उद्या पोरीला कोणी असं काही बोलायला नको, आधीच सवय लावू. कळतं मला ते. पण कळलं म्हणून राग जात नाही. माझ्या हातावर तुम्ही मारलंत, आणि जॉबरला मात्र कोणी काही बोललं नाही.

गेल्या शनिवारी सगळ्यांनी आपापले बारा चौकोन जमिनीवर मांडले; जोडायच्या आधी रचना बघून घेतात. माझा चौकोन गडद निळा होता. बघते तर चौघींच्या मांडणीत तो फिका पडलेला आणि चांगला बोटभर आटलेला. बाकीचे अकरा जसेच्या तसे. मी विचारलं, "हा असा कसा झाला?" त्यांतली एक तरुण मुलगी म्हणाली, "ताई, जरा उकळत्या पाण्यातून काढला. औषध टाकून. हल्ली इन्फेक्शन किती असतात ना." मी म्हटलं, "आणि बाकीचे अकरा?" ती आपले चौकोन सरळ करू लागली. मग गिरगावच्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. आम्ही तसलं काही मानत नाही हो." तसलं म्हणजे कसलं? मी कुठे काही म्हटलं होतं? मी फक्त अकरा चौकोनांचं विचारलं होतं!

बोलायला माझ्याकडे काय कमी होतं? तुमचा धोटा होता, त्यांच्या दातांतला दोरा होता. पस्तीस वर्षं नोकरीत मी युनियनच्या सभेत भल्याभल्या साहेबांची बोलती बंद केली आहे. अदलाबदल माझी, नियम माझे. एका वाक्यात सगळे चौकोन गोळा करून घरी आणता आले असते. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते की तिथे माझ्या तोंडून काय निघालं. मी म्हणाले, "ते चौकोन मी कोरड्या दोऱ्यानेच शिवलेत. घरी मी कधीच तोंड लावत नाही. माझ्या वडिलांनी लहानपणापासून तशीच सवय लावलीय." साफ खोटं बोलले, आणि त्या खोट्याला साक्षीला तुम्हाला उभं केलं. सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. गिरगावच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, नेमका त्याच हातावर, आणि म्हणाल्या, "बघा! म्हणजे वडील किती शिस्तीचे होते तुमचे."

मी हसून हो म्हटलं, दादा.