दालचिनीच्या वड्या आणि फिलोमिनाची ताटली

प्रिय सुलभा,

चाळीस वर्षांच्या संसारात तुला एकही पत्र लिहिलं नाही. लिहायला तू माहेरी राहायचीस तरी कुठे? सांडोरहून सकाळी पापडीला जायचीस नि दिवे लागायच्या आत परत! पण आज घडलंच तसं काही, आणि ते तुला सोडून कुणाला सांगू? शेजारच्या फिलोमिनाची ताटली आज परत केली. भरून!

तीच गं, निळ्या काठाची. नाताळला तिने केक आणि करंज्या घालून पाठवलेली. दर वर्षी तू ती धुऊन-पुसून ठेवायचीस आणि आठवड्याभरात तुझे दालचिनीचे बार भरून परत पाठवायचीस. (मी वड्या म्हटलं की काय चिडायचीस!) या वेळी ताटली ओट्यावर ठेवलीस आणि स्वतःच निघून गेलीस. असं कुणी करतं का?

तीन महिने ती तिथेच पडून होती. रिकामी द्यायची आपल्यात पद्धत नाही, आणि भरणार कोण? विरारहून मनीषाचा फोन आला, "बाबा, बेकरीतून काहीतरी आणा आणि देऊन टाका." मी चक्क लेकीवर ओरडलो. "तुझ्या आईची ताटली बेकरीतल्या खाऊने भरू?"

"मग तुम्हीच करा!"

"करतोच!" म्हटलं आणि फोन ठेवला. आता माघार कशी घेणार?

जन्मभर केळीची वाडी केली, मैद्याला काय घाबरायचं? तुझी वही काही उघडली नाही. तुला करताना शंभरदा पाहिलं होतं की! लोणी वितळवलं, गुळाची पावडर घातली, अंडी फोडली. दालचिनी खलबत्त्यात कुटली आणि घरभर तुझा वास सुटला. तिथेच खुर्ची ओढून थोडा वेळ बसून राहिलो. खूप आठवण आली गं. मग उठलो, काम अर्धं टाकायची मला सवय नाही.

ओव्हनमधून ट्रे काढला, बोट लावून पाहिलं, तर मधे लिबलिबीत! कच्चंच की हे! आणखी पंधरा मिनिटं आत ठेवला. जे बाहेर आलं त्याने भिंतीत खिळा ठोकता आला असता. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लावला, पण नारळाच्या वड्या पाडतो तशी गरम असतानाच सुरी फिरवली. सगळा भुगा! तो मी चार दिवस चमच्याने खाल्ला.

आता एक कबुली देतो. फिलोमिनाच्या नातीच्या बाप्तिस्म्याला तू दोन ट्रे केले होतेस आणि दोन्ही दगड झाले, आठवतं? ते मी केलं होतं. तू मागे कपडे वाळत घालत होतीस. मला वाटलं कच्चे राहिलेत, बाई विसरली, म्हणून मीच परत आत ढकलले. तू सगळ्यांना सांगितलंस, ओव्हन बिघडला. मी मान डोलावली. वर शहाण्यासारखा दुरुस्तीवालाही बोलावून आणला! इतक्या वर्षांत तोंड उघडलं नाही. लाज वाटते आता.

शेवटी परवा झक मारत वही उघडली. तुझं ते तिरकं अक्षर: "बावीस मिनिटं. मधे कच्चं दिसलं तरी ट्रे काढणे. पूर्ण गार झाल्यावरच कापणे." आणि खाली, बारीक अक्षरात: "केळीचा घड हिरवाच उतरवतात, मग एवढंसं ह्यांना कळू नये? परत आत ढकलले. ओव्हनचं नाव सांगितलं."

म्हणजे तुला माहीत होतं! आणि तरी चारचौघांत मला सांभाळून घेतलंस? दुरुस्तीवाला ओव्हन उघडून बसला होता तेव्हा तू त्याला चहा देत होतीस! एकदा तरी बोलायचंस गं. निदान भांडायचंस.

आणि खरंच, मला कळू नये? घड हिरवा उतरवला की मागाहून आपोआप पिकतो, झाडावर पिकू दिला तर बाजारात पोचेपर्यंत त्याचं भजं होतं, हे मी अख्ख्या सांडोरला शिकवलंय. कुठला घड कधी उतरवायचा ते लांबून सांगतो. तुझ्या ट्रेपुढेच अक्कल गहाण ठेवली होती.

काल तिसरा घाणा केला. बावीस मिनिटांनी हात शिवशिवत होते, तरी काढला. रात्रभर तसाच ठेवला. आज सकाळी कापला. तुकडा सुरीला जरासा चिकटला, दुमडला, पण तुटला नाही. हेच तर हवं होतं!

आज ईस्टर. फिलोमिना चर्चमधून आली तशी मी ताटली घेऊन तिच्या दारात. तिने एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, मधे जरा कच्चं राहिलंय काय?"

"तसंच असतं ते," मी म्हटलं. मुळीच अडखळलो नाही, सुलभा.

ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "सुलभा पण असंच म्हणायची. मुद्दाम विचारलं." मग मीही रडलो, तिच्या दारात उभा राहून. रडलो तर रडलो.

निघताना तिने काय करावं? तीच ताटली ईस्टरच्या खाऊने भरली आणि माझ्या हातात दिली! म्हणजे निळ्या काठाची ताटली पुन्हा आपल्याच ओट्यावर आहे. खाऊ डब्यात काढून ती धुऊन, पुसून ठेवलीय.

ती रिकामी जाणार नाही, हा माझा शब्द. बावीस मिनिटं म्हणजे बावीस मिनिटं. आणि यापुढे काही बिघडलं, तर ओव्हनचं नाव सांगणार नाही.

तुझा केळीवाला,
मोरेश्वर